मामूनं निवडलेली रायफल

मामूच्या हातात काहीही असो, त्याचं तोंड जमिनीकडे. पाण्याचा पाइप असो, छत्री असो, खजुराच्या झावळ्या तोडायचा लांब दांड्याचा कोयता असो. एकदा नवीन आलेला एक बिहारी गडी लोखंडी पाइप खांद्यावर आडवा घेऊन वळला. मामू पंपाच्या खोलीतून ओरडला, "नळी खाली!" आवाज असा की गड्यानं पाइप टाकलाच, स्वतःच्या अंगठ्यावर. आठ दिवस लंगडत होता बिचारा. मामू त्याला रोज हळद घातलेलं दूध न्यायचा आणि रोज तेच ऐकवायचा, "पाइप होता म्हणून अंगठ्यावर भागलं."

सगळे त्याला नळीवाला मामू म्हणायचे. तो श्रीवर्धनकडचा, मी खेडचा. अरबांच्या मुलखात, बुरैदा शहराच्या बाहेर अबू सालेहचं खजुराचं शेत आहे, तिथं मामू वीस वर्षांवर राखणीला होता. माझं सुतारकामाचं दुकान शहरात, पण कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो मालक, तोच, अबू सालेह. त्यामुळे शेतावरचे दरवाजे, खिडक्या, मजलिशीतली, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीतली, लाकडी बैठक, सगळं माझ्या हातचं. मी चौथी शिकलो, पण माझ्या दरवाजाच्या फटीत कुणी पोस्टकार्ड घालून दाखवावं. मामू तेवढं एक मानायचा. बाकी माझं काहीच मानायचा नाही.

गावी मामूची दुनळी बंदूक होती. भातात डुकरं उतरतात म्हणून बापाच्या वेळेपासून परवाना होता. परदेशात आल्यावर ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागली, मग परवान्याची मुदत गेली, मग ती तिथंच राहिली. मामू तिच्याबद्दल असं बोलायचा जसं कुणी इस्पितळात पडलेल्या माणसाबद्दल बोलतं. "आता पावसाळा लागला, तिला तेल कोण घालणार?" जेवताना मध्येच घास थांबवून म्हणायचा. मी म्हणायचो, "मामू, बायकोला फोन कर आधी." तो म्हणायचा, "बायको स्वतः तेल लावते."

त्याच्या कानाची एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. अबू सालेहची एक जुनी दुनळी होती. एका शुक्रवारी तो ती रिकामी करून घोडा पाडत बसला होता. मामू गहवा, अरबी कॉफी, घेऊन आला, दारातच थांबला आणि म्हणाला, "शेख, डाव्या घोड्याची कमान मरत आली." अबू सालेह हसला. तरी रियाधला गेला तेव्हा दुकानात दाखवली. डावी कमान, आतली स्प्रिंग, खरंच तडकलेली निघाली. त्या दिवसापासून हत्याराच्या बाबतीत अबू सालेह मामूशिवाय कुणाचं ऐकेना.

मग अबू सालेहच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं सांगितलं, या खांद्यावर आता धक्का नको. साठीचा माणूस, सगळा जन्म शिकारीची हौस, तो काय ऐकतो! डाव्या खांद्यानं नेम धरायला शिकला. पण त्याच्या रायफलीचा, दर गोळीनंतर ओढायचा खटका उजव्या अंगाला. डावखुऱ्यानं तो ओढायचा म्हणजे दर वेळी मान वाकडी. मामूनंच सुचवलं, "शेख, ती पोटाखाली कडी असते ना, खाली ओढून परत मिटायची, लिव्हरवाली. तिला डावं-उजवं नसतं." अबू सालेहला ते पटलं. एक लिव्हर रायफल घ्यायची, शेतावर शुक्रवारी डब्यांवर नेम धरायचा, आणि हिवाळ्यात आफ्रिकेत रीतसर परवाना काढून शिकारीला जायचं. परवाना, कागद, सगळं त्याचं नीट असायचं.

"आणि मामू," तो म्हणाला, "रायफल तू निवडायचीस. आणि ती सांभाळायला तूच येणार माझ्याबरोबर. पासपोर्ट हाताशी ठेव."

मामू उठला. गहव्याचे पेले उचलून बाहेर आला, माझ्याशेजारी पायरीवर बसला आणि म्हणाला, "मिस्त्री, जंगल." एवढंच. त्याच्या तोंडाकडे बघून मला थट्टाही सुचली नाही. त्या दिवसापासून त्याला दुसरा विषय राहिला नाही. बूट घेतले. सकाळी खजुराच्या रांगांमधून बूट घालून चालायचा, आवाज न करता पाऊल पडतं का बघायला.

मला मात्र तेव्हापासून झोप नाही. परक्या मुलखात परक्या माणसानं हत्याराला हात लावू नये, एवढी अक्कल चौथी शिकलेल्यालाही असते. मी खिशातला इकामा, इथं राहायचा परवाना, चाचपत मामूला सांगायचो, "अरे, मालकाचा परवाना मालकापुरता. उद्या काही झालं तर तुला धरतील, आणि मी बाजूला उभा होतो म्हणून मलाही." मामू म्हणायचा, "मालक समोर असतो, शेत त्याचं, बंदूक त्याची. तू रंधा मार." शेताच्या खडीवर कुठली गाडी वाजली की मी दाराआड व्हायचो. पाण्याचा टँकर असायचा तो.

त्यात मीही अडकलो होतो. डाव्या खांद्याला आणि अबू सालेहच्या आखूड मानेला रायफलीचा लाकडी दस्ता बेतून घ्यायचा होता, आणि ते काम माझं. म्हणजे बोटं माझीही लागणारच.

अबू सालेहचा चुलतभाऊ अबू नासेर. त्याच्याकडे दोन लिव्हर रायफली होत्या. त्या हाताळून बघायच्या, जी पटेल तशी नवी दुकानातून मागवायची, असं ठरलं. एका शुक्रवारी जेवणानंतर तो दोन्ही घेऊन आला. पहिली काय देखणी! पोट पितळेचं, आणि दस्ता अक्रोडाचा, त्यात शिरा अशा की नदीचं पाणी वळावं. मी बोटानं नुसतं चाचपलं, तर गुळगुळीत, लोण्यासारखं. दुसरी काळी. तिचा दस्ता प्लास्टिकचा. दस्ता कसला, बादलीचा कान.

"ही," मी पितळेच्या रायफलीकडे बोट करून म्हटलं.

"तुला विचारलं?" मामू म्हणाला. "सुताराला लाकूड दिसतं. उद्या तू नवरीचा पाट बघून लग्न ठरवशील."

मग त्यानं निवडायला घेतलं. तासभर लावला. आधी अबू सालेहला उभं केलं, डोळे मिटायला लावले, रायफल डाव्या खांद्याला लावायला सांगितली आणि मग म्हणाला, "उघडा." डोळे उघडल्यावर नळीच्या टोकावरची नेमाची माशी सरळ समोर दिसली पाहिजे, मान हलवायला लागता कामा नये. पितळेवालीत थोडी मान वाकवावी लागली. मामू मला म्हणाला, "अर्धा इंच." मी पेन्सिलनं खूण केली. काळीत मान वाकवावी लागली नाही, पण ते मी मोठ्यानं कशाला सांगू? मग काडतुसाचा विषय निघाला. अबू नासेर म्हणाला, सगळ्यात मोठ्या गोळीची घ्या. मामूनं मान हलवली. "डब्याला मोठी गोळी म्हणजे माशीला कुऱ्हाड. आणि शेखचा एक खांदा गेला, दुसरा घालवायचाय का? मधली घ्या. आफ्रिकेत हरणाला पुरते, इथं खांद्याला सोसते." काडतुसं नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक बसतात हे बघितल्यावर त्यानं विचारलं, गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकतं का? अबू नासेर म्हणाला, टेकतं, म्हणून यात चपट्या तोंडाचीच वापरतात. मामूनं माझ्याकडे असं बघितलं, जसं हे त्याला आधीपासून ठाऊक होतं.

मग दोघे भाऊ डब्यांवर नेम धरत बसले. मामू प्रत्येक वेळी लिव्हरचा आवाज ऐकत होता, डोळे मिटून, मान तिरकी करून. शेवटी म्हणाला, "पितळेवाली. आवाज घट्ट आहे." मी आत खूश झालो. अक्रोडाचा दस्ता माझ्या हाताखाली येणार होता. असरच्या, दुपारनंतरच्या नमाजाची वेळ झाली, दोघे भाऊ कुंपणापलीकडच्या मशिदीत गेले. जाताना अबू सालेह म्हणाला, "मामू, सामान पुसून ठेव, आम्ही आल्यावर तू जा नमाजला."

आता झालं ते सांगतो. मामूच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. कुणाला सांगितलं नव्हतं, मला माहीत होतं. बाहेरच्या उन्हातून तो शेडच्या सावलीत आला. पितळेवाली उचलली, तोंड जमिनीकडे, नेहमीसारखं. दुनळीवाल्यांची रीत अशी, की बंदूक मधून मोडून उघडायची, दोन भोकांतून उजेड दिसला की रिकामी, मिटायची, आणि कमानीला आराम मिळावा म्हणून चाप ओढून घोडा पाडून ठेवायचा. मामूच्या हाताला जन्माची हीच सवय होती. तसंच त्यानं लिव्हर खाली ओढली, गोळीचं घर बघितलं, रिकामं होतं. लिव्हर मिटली. पण नळकांड्यात अबू नासेरचं एक काडतूस राहिलं होतं, ते त्याच्या डोळ्यांना दिसलं नाही. लिव्हर उघडली की ते वर येतं, मिटली की आत जाऊन बसतं. म्हणजे रिकामी आहे का बघायला गेला आणि बघण्यानंच ती भरली. मामूनं चाप ओढला.

आवाज आयुष्यभर विसरणार नाही. वाळू उडाली. मामूच्या नव्या बुटापासून चार बोटांवर भोक पडलं होतं. माझे कान वाजत होते. मामू तसाच उभा, रायफल जमिनीकडे.

मी आधी त्याचा पाय बघितला, मग माझा. मग पायानं वाळू लोटून भोक बुजवलं. काडतुसाचं रिकामं कवच रायफलीतून काढून घेतलं आणि खिशात घातलं. हे सगळं करताना माझ्या डोळ्यांसमोर पोलिसांची गाडी, हातकडी, आणि खेडच्या घरी फोन धरून बसलेली बायको. तेवढ्यात नमाज आटोपून निघालेल्या अबू सालेहचा मशिदीच्या बाजूनं आवाज आला, "काय झालं? कोण?"

"फळी पडली!" मी ओरडलो. "दरवाजाची फळी!"

तो आला, फळीकडे बघितलं. फळी तिथं होतीच, मी ती हळूच आडवी केली होती. मशिदीच्या भिंतींआडून बार काय आणि फळी काय, सारखंच ऐकू येतं, आणि सुताराच्या शब्दावर कोण शंका घेतं? तो हसून म्हणाला, "मिस्त्री, माझा जीव घेशील." आणि मजलिशीत गेला.

"खलास," मी मामूला हळू म्हटलं. "कुणाला कळलं नाही. पितळेवाली मागव, आफ्रिकेला जा, जंगल बघ."

मामू म्हणाला, "काढ ते कवच."

"मामू, वेडा झालास का? तू घरी जाशील. कायमचा. जंगल सोड, शेतसुद्धा राहणार नाही. आणि मी खोटं बोललो म्हणून माझं दुकान जाईल."

"मिस्त्री, तो असलीच रायफल घेऊन जाईल. माझ्या शब्दावर. तिकडे हाकाऱ्याला चार माणसं पुढं चालतात. याचाही हात जुन्या मोडायच्या बंदुकीवर बसलेला आहे. तो पण भोकातून उजेडच बघणार." मग हात पुढं केला. "काढ."

मी दिलं नाही. खरं सांगतो, मी दिलं नाही. त्यानं माझ्या खिशात हात घालून काढलं. मी त्याला शिवी दिली. त्यानं ती ऐकलीसुद्धा नाही.

अबू सालेह आणि अबू नासेर बैठकीवर बसले होते. मामू त्यांच्यासमोर उभा राहिला आणि कवच तळहातावर ठेवून पुढं केलं. "फळी नव्हती, शेख. मी होतो." मग सगळं सांगितलं. उघडून बघितलं, मिटलं, चाप ओढला. डोळ्यांचंही सांगितलं, जे कुणी विचारलं नव्हतं. माझ्याबद्दल एवढंच म्हणाला, "मिस्त्री घाबरला, त्याचा दोष नाही." मला ते दोष दिल्यापेक्षा जास्त लागलं. मग मामूनं काळी रायफल उचलून आणली, तिच्या नळीखालचं आतलं नळकांडं पुढच्या टोकाकडून फिरवून ओढलं. काडतुसं असती तर लिव्हरला हात न लावता सगळी बाहेर आली असती. "ही घ्या. आधी हे नळकांडं काढायचं, मग लिव्हर उघडून बघायचं. पितळेवालीत काडतुसं आतून एकेक करून बाहेर काढावी लागतात, आणि माणूस मोजायला विसरतो. मी विसरलो."

"तू सांगितलं नसतंस तर मला कसं कळलं असतं?" अबू सालेहनं विचारलं.

"नसतं कळलं."

अबू सालेहनं कवच घेतलं, उलटंपालटं केलं, खिशात घातलं. "यल्ला," अबू नासेरला म्हणाला आणि दोघे रायफली घेऊन निघून गेले.

पुढचे तीन दिवस मी दुकानात एक खिळा सरळ ठोकला नाही. फोन वाजला की आधी नंबर बघायचो. बायकोला सांगून ठेवलं, कदाचित घरी येईन. तिनं विचारलं, "सुट्टीवर?" मी फोन ठेवला. मामूला फोन केला नाही. माझं ठरलं होतं, या माणसाशी आता बोलायचं नाही. मी त्याला वाचवायला गेलो आणि त्यानं मला खोटारडा ठरवलं.

चौथ्या दिवशी अबू सालेह दुकानात आला. मी रंधा खाली ठेवला. तो म्हणाला, मामूच्या डोळ्यांचं ऑपरेशन इथंच करून घेऊ, शेतावरून त्याला कुणी हलवणार नाही. आफ्रिकेला मात्र तो दुसरा माणूस नेणार, बंदुका सांभाळायचं रीतसर शिकलेला. आणि काळी रायफल मागवली. "प्लास्टिकला तुझा हात लागत नाही, मिस्त्री," असं म्हणाला. फळीबद्दल एक शब्द नाही. तेवढ्यावरच तो गेला, आणि मी मोडक्या स्टुलावर बसून राहिलो.

मामूला त्यानं स्वतः सांगितलं म्हणे. मामूनं उत्तर दिलं, "बरोबर केलंत. मीही मला नेलं नसतं." हे मला त्या बिहारी गड्यानं सांगितलं, कारण मी मामूशी बोलत नव्हतो.

हिवाळ्यात अबू सालेह निघाला त्या सकाळी मी मजलिशीच्या दाराची बिजागरी बदलायला शेतावर होतो. काळी रायफल मामूनंच पेटीत भरली. नळकांडं वेगळं, काडतुसं वेगळ्या डब्यात, चार वेळा तपासलं. नव्या माणसाला पाचव्यांदा दाखवलं. तो तरणा माणूस कंटाळून म्हणाला, "मला येतं, चाचा." मामू म्हणाला, "मलाही येत होतं." गाडी गेली. मामू नव्या बुटांनीच खजुराला पाणी सोडायला गेला. मी बिजागरी बसवत राहिलो. दार दोनदा वाकडं बसलं.

महिन्यानं अबू सालेह परत आला आणि शेतावर येऊन आपला फोन मामूच्या हातात देऊन आत गेला. फोटो होते. मामू पायरीवर बसला. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, तरी फोन नाकाजवळ धरायची सवय गेली नव्हती. मला वाटलं हरणं बघतोय. मी मागून डोकावलो. तो हरणं बाजूला सारत होता. दोन बोटांनी मोठं करून गवत बघत होता. गवत माणसाच्या छातीएवढं. मग एका फोटोत मागं एक झाड होतं, वर सपाट, छत्री उलटी केल्यासारखं. त्यावर तो थांबला. बराच वेळ.

"मिस्त्री," मागं न बघताच म्हणाला, "हे झाड कुठलं?"

दोन महिने मी त्याच्याशी बोललो नव्हतो. मी वाकून बघितलं. "बाभळीच्या जातीचं दिसतंय," मी म्हटलं. "लाकूड कठीण असणार. रंधा फिरणार नाही."

"सावली असेल खाली?"

"असेल की. पण काटेही असतील."

"असूदे," मामू म्हणाला आणि झाड आणखी मोठं केलं.

त्यानंतर आम्ही रोजच्यासारखं बोलायला लागलो. पुढच्या वर्षी तो कायमचा घरी गेला, आणि गेल्या रमजानच्या आधी त्याच्या मुलाचा फोन आला की मामू गेला. मी चुकलो होतो असं मी त्याला कधी म्हटलं नाही. मला तसं म्हणता येत नाही, माझ्या बापालाही येत नव्हतं. झाडाचं नाव तेवढं सांगितलं. ते त्याला पुरलं की नाही, हे आता कुणाला विचारू?